उन्हाचा हिशेब आणि शेवटचा टक्का

घराच्या छपरावर सौर यंत्रणा बसली म्हणजे घरातल्यांचे आणि शेजाऱ्यांचेही लक्ष साहजिकच पॅनेलकडे जाते. ते रस्त्यावरून दिसते, उन्हात चमकते आणि खर्चाच्या पावतीतही त्याचाच आकडा ठळक असतो. जिन्याखाली किंवा गच्चीच्या भिंतीवर टांगलेल्या राखाडी पेटीकडे मात्र कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. या पेटीला इन्व्हर्टर म्हणतात. पॅनेलातून येणारी वीज घरातल्या पंख्याला अथवा रस्त्यावरच्या वीजवाहिनीला जशीच्या तशी चालत नाही. तिचे रूप बदलावे लागते आणि ते काम ही पेटी करते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकेल, असे सांगितले जाते व ते बहुधा खरेही असते. पेटी मात्र त्याआधीच दगा देण्याचा संभव असतो. ती बंद पडली की कितीही ऊन असो, छपरावरची सारी मांडणी म्हणजे केवळ काचेचे छत उरते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसविण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असे तिचे स्वरूप ठरले. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये, आणि तीन किलोवॉट अथवा त्याहून अधिक क्षमतेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान, हे तिचे सूत्र. योजनेचा हेतू निःसंशय चांगला आहे. मध्यमवर्गीय आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या मासिक खर्चातील एक कायमचा काटा त्यामुळे बोथट होऊ शकतो. तथापि या सूत्राकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ते किलोवॉट मोजते; युनिटे मोजत नाही. क्षमतेला पैसे मिळतात. त्या क्षमतेतून प्रत्यक्षात किती वीज आली आणि ती किती वर्षे येत राहिली, याला मिळत नाहीत. सार्वजनिक पैसा ज्या मापाने वाटला जातो, त्याच मापाला बाजार वाकतो, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे. त्या राखाडी पेटीच्या पोटात जे घडते, ते समजून घेतल्यास या मापातील उणीव अधिक स्पष्ट होते.

पेटीत काय घडते?

पॅनेलातून निघते ती दिष्ट विद्युतधारा. म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. वीज मंडळाच्या तारांमधून येते ती प्रत्यावर्ती. सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी, २३० व्होल्टची. पहिलीचे दुसरीत रूपांतर करायचे तर धारा सतत तोडावी आणि जोडावी लागते, आणि हे काम ट्रान्झिस्टरचे खटके सेकंदाला अनेक हजार वेळा करतात. प्रत्येक वेळी खटका किती काळ चालू ठेवायचा हे कमीअधिक करीत गेले की तुकड्यातुकड्यांतून हवी ती लहर आकाराला येते. पुढे तांब्याच्या वेटोळ्यांची आणि कपॅसिटरची गाळणी तिचे कंगोरे घासून ती गुळगुळीत करते. वीजजाळ्याला जोडलेल्या इन्व्हर्टरला याखेरीज जाळ्यातील लहरीच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते. जाळ्यातील वीज गेली की त्याला स्वतःही तत्काळ थांबावे लागते. कारण खांबावर चढलेल्या तारतंत्र्याच्या जिवाचा तो प्रश्न असतो. भर दुपारी वीज गेल्यावर छपरावरची वीजही का जाते, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर हे आहे.

खटका पूर्ण चालू असतो तेव्हा त्यातून धारा वाहते, पण त्याच्या दोन टोकांत विद्युतदाब जवळजवळ नसतो. तो पूर्ण बंद असतो तेव्हा दाब असतो, पण धारा नसते. वाया जाणारी शक्ती म्हणजे दाब आणि धारा यांचा गुणाकार. त्यामुळे आदर्श खटक्यात दोन्ही अवस्थांत हानी शून्यच. खरी गोम आहे ती या दोन अवस्थांमधल्या क्षणात. चालूचा बंद किंवा बंदचा चालू होताना एक अतिशय लहान काळ असा येतो, की दाबही असतो आणि धाराही असते. चारशे व्होल्ट आणि दहा अँपिअर यांचा हा संधिकाल चालू होताना आणि बंद होताना मिळून अवघा एक कोटीवा भाग सेकंद टिकला, असे धरू. त्या काळातील सरासरी शक्ती ढोबळपणे दोन हजार वॉट भरते. एका उघडझापीत वाया जाणारी ऊर्जा नगण्य असते. पण अशा उघडझापी सेकंदाला वीस हजार झाल्या की एकट्या खटक्यात चार वॉटची उष्णता साचते. त्या एक लाख झाल्या तर वीस वॉटची. आणि खटके एकाहून अधिक असतात.

मग उघडझापी कमीच का ठेवू नयेत? ठेवता येतील, पण मग गाळणीतली वेटोळी मोठी करावी लागतात, तांबे आणि गाभ्याचे द्रव्य अधिक लागते, पेटी जड व महाग होते. उघडझापी वाढविल्या तर पेटी हलकी होते; पण तापते. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्या हाताने घ्यावे, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो अपरिचित नाही.

झोपाळ्याचा न्याय

या पेचातून वाट काढणाऱ्या पद्धतींना अभियंते ‘सॉफ्ट स्विचिंग’ म्हणतात. सौम्य उघडझाप म्हणता येईल. तिच्यामागची कल्पना घरातल्या झोपाळ्यावर बसलेल्या मुलालाही कळण्याजोगी आहे. झोपाळा मध्यभागातून वेगाने जात असताना कोणी उतरू लागला तर आपटतो. तोच झोपाळा आपल्या टोकाला पोहोचून क्षणभर थबकतो. त्या क्षणी उतरणाऱ्याला धक्का बसत नाही. वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी विद्युतधारेला असेच झोके देते. ऊर्जा कधी वेटोळ्याकडे, कधी कपॅसिटरकडे, अशी हेलकावत राहते आणि या अनुस्पंदनात दाब किंवा धारा यांपैकी एक काही क्षण शून्यावर येते. खटका नेमका त्या क्षणी उघडावा किंवा मिटावा, म्हणजे गुणाकारातील एक संख्याच शून्य असल्यामुळे उष्णता फारशी निर्माण होत नाही. दाब शून्य असताना खटका चालू करणे ही एक पद्धत, धारा शून्य असताना तो बंद करणे ही दुसरी. दाब आणि धारा यांतील बदल सौम्य झाल्यामुळे आसपासच्या रेडिओत होणारी खरखरही कमी होते, हा वरचा लाभ.

ही विद्या नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे फ्रेड ली यांनी आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात दीपक दिवाण यांनी तिचा पाया विस्तारला. दिवाण यांनी १९८६ मध्ये मांडलेली अनुस्पंदी दुव्याची कल्पना या क्षेत्रातील एक टप्पा मानली जाते. हे दिवाण कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर. ज्या ट्रान्झिस्टरने मोठ्या शक्तीचे इन्व्हर्टर व्यवहार्य केले, त्या ‘आयजीबीटी’चे जनक बी. जयंत बालिगा मद्रासच्या आयआयटीचे. त्यांना २०२४ चे मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले.

या विद्येची झेप किती आहे, हे अलीकडच्या एका स्पर्धेने दाखवून दिले. गूगल कंपनीने २०१४ मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक लावले होते. दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर जास्तीत जास्त चाळीस घनइंचांत बसवा, कार्यक्षमता ९५ टक्क्यांहून अधिक ठेवा आणि तो सलग शंभर तास चालवून दाखवा, अशा अटी होत्या. २०१६ मध्ये विजयी ठरलेल्या बेल्जियमच्या चमूने तो सुमारे चौदा घनइंचांत बसविला. पाण्याच्या एका पेल्याएवढी ही जागा. गॅलियम नायट्राइडचे जलद खटके आणि सौम्य उघडझाप यांचा मेळ त्यांनी घातला होता.

एक टक्का की निम्मी उष्णता?

आता खरा प्रश्न. घराच्या छपरावरच्या यंत्रणेला या साऱ्याचा उपयोग काय? ९६ टक्के कार्यक्षमतेची पेटी आज सहज मिळते. चांगल्या पेट्या ९८ टक्क्यांपर्यंत जातात. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, त्या शेपटासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणीही म्हणेल.

हिशेब करून पाहावा. तीन किलोवॉटची यंत्रणा किलोवॉटमागे रोज चार युनिटे देते असे धरले, तर वर्षाला ४,३८० युनिटे होतात. त्यांतील एक टक्का म्हणजे ४४ युनिटे. युनिटला आठ रुपये धरले, तर वर्षाकाठी साडेतीनशे रुपये. दहा वर्षांची ही बचत आठ टक्के व्याजदराने आजच्या किमतीत आणली, तर ती अडीच हजारांच्याही आतच भरते. याहून जास्त रक्कम त्या एका टक्क्यासाठी मोजण्यास कुटुंब तयार नसेल, तर ते अडाणीपणाने वागते असे म्हणता येणार नाही. ते चोख हिशेबाने वागते.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. ९६ वरून ९८ वर जाणे म्हणजे विजेत दोन टक्क्यांची भर, एवढेच दिसते. पेटीच्या आतून पाहिले तर हानी चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आलेली असते. म्हणजे उष्णता निम्मी झालेली असते. तीन किलोवॉटच्या पेटीत भर दुपारी पहिल्या स्थितीत १२० वॉट उष्णता निर्माण होते, दुसऱ्या स्थितीत ६०. पूर्वी घरोघर साठ वॉटचे पिवळे दिवे असत. त्यांच्या काचेला बोट लावून पाहिलेल्यांना ती उष्णता काय असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. बंद पेटीत असे दोन दिवे दिवसभर जळत आहेत की एकच, असा हा प्रश्न आहे; आणि पेटी टांगलेली आहे ती मे महिन्यातल्या अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या गच्चीवर, जिथे सावलीतही पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो.

उष्णता हा इन्व्हर्टरचा मुख्य शत्रू आहे. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारणपणे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शिवाय पेटी फार तापली की ती स्वतःला वाचविण्यासाठी वीज कमी देऊ लागते. ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच उत्पादन आखडते. म्हणून शेवटच्या टक्क्याचा लाभ मुख्यतः युनिटांत नसून आयुष्यात आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी पेटी बदलावी लागली तर जो भुर्दंड पडतो, त्यापुढे साडेतीनशे रुपयांची वार्षिक बचत किरकोळ ठरते. निवृत्तीची पुंजी मोडून किंवा बँकेचे कर्ज काढून यंत्रणा बसविलेल्या कुटुंबाला हा भुर्दंड नेमका अशा वेळी गाठतो, की हमीची मुदत संपलेली असते आणि हप्ते चालू असतात.

देशाच्या पातळीवर मात्र युनिटांचा हिशेबही लहान राहत नाही. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली; म्हणजे दहा कोटी किलोवॉट. रोजच्या चार युनिटांच्याच ढोबळ मापाने वर्षाला १४,६०० कोटी युनिटे. त्यांतील एक टक्का म्हणजे १४६ कोटी युनिटे. महिन्याला शंभर युनिटे वापरणाऱ्या बारा लाख घरांची ती वर्षाची वीज झाली. थेंबे थेंबे तळे साचते, हे खरे. तसेच ते थेंबाथेंबाने आटतेही.

कोण मोजतो, कोण मोजत नाही

महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविण्यात आली. शेतीपंपांच्या वाहिन्यांजवळ सौर प्रकल्प उभारावेत, त्यांची वीज दिवसा शेतकऱ्याला मिळावी, हा तिचा हेतू. येथे प्रकल्पधारकाला मोबदला मिळतो तो पुरविलेल्या युनिटांचा. पाच मेगावॉटच्या प्रकल्पातून वरच्याच मापाने वर्षाला ७३ लाख युनिटे आली आणि दर तीन रुपयांच्या आसपास धरला, तर एका टक्क्याची किंमत दोन लाखांहून अधिक होते, आणि तीही करार संपेपर्यंत दरवर्षी. असा प्रकल्पधारक इन्व्हर्टर विकत घेताना अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करतो, अर्ध्या भारावर कार्यक्षमता किती, पन्नास अंश तापमानात किती, असे प्रश्न विचारतो आणि उत्तरे कागदावर लिहून घेतो.

घरगुती छपरावर मात्र चित्र उलटे आहे. पेटी निवडतो तो यंत्रणा बसवून देणारा ठेकेदार. तिचे परिणाम भोगतो तो घरमालक. ठेकेदाराची स्पर्धा एकूण किमतीवर असते आणि अनुदान किलोवॉटवर ठरलेले असते. पेटीत दोन हजार रुपये वाचविले तर ते त्याचे असतात. सहा वर्षांनी ती जळाली तर ते दुखणे त्याचे नसते. घरमालकाला दोन राखाडी पेट्यांमधला फरक दिसत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जे दाखविले, ते येथे जसेच्या तसे लागू पडते. चांगल्या मालातला चांगुलपणा गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो त्याची किंमत देत नाही. किंमत मिळत नसेल तर चांगला माल बाजारातून हटतो आणि वाईट मालच मागे उरतो. अ‍ॅकरलॉफ यांना पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा धडा मात्र खरेदीच्या पावतीपर्यंत फारसा पोहोचलेला नाही.

गरीब देशाला स्वस्त यंत्रेच परवडतात, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. किंमत वाढली तर छपरे कमी होतील आणि योजनेचा मूळ हेतूच मागे पडेल. परंतु स्वस्त कशाला म्हणायचे, हेच तर ठरवायचे आहे. ज्याची किंमत आज कमी आणि उद्या दुप्पट, ते स्वस्त नव्हे. ते उधारीवर घेतलेले महाग असते. श्रीमंत घर दुसरी पेटी घेऊ शकते. शिक्षकाचे किंवा कारकुनाचे घर एकाच पेटीवर विसंबलेले असते. टिकाऊपणाची गरज गरिबालाच अधिक आहे.

भार कशाला किती?

सौम्य उघडझाप हा रामबाण उपाय आहे, असे मात्र समजू नये. ती करण्यासाठी जादा वेटोळी, जादा कपॅसिटर, कधी जादा खटकेही लागतात. नियंत्रण अधिक गुंतागुंतीचे होते. धारा वाहत असताना तारेत आणि खटक्यात होणारी हानी तिने कमी होत नाही. उलट झोके देण्यासाठी फिरती राहणारी धारा स्वतःही थोडी उष्णता निर्माण करते. ऊन मंद असते आणि काम थोडे असते तेव्हा हा झोक्याचा खर्च मिळकतीहून अधिक ठरू शकतो. दुसरीकडे, सिलिकॉन कार्बाइडसारख्या द्रव्यांचे नवे खटके इतके चपळ आहेत, की जुन्या पद्धतीनेही ते कमी तापतात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २००९ मध्येच या द्रव्याच्या आधारे ९९ टक्क्यांची सीमा ओलांडून दाखविली. कोणत्या पेटीत कोणती युक्ती वापरावी, हा अभियंत्याने तारतम्याने ठरवायचा प्रश्न आहे. सरकारने आदेश काढून नव्हे.

सरकारने ठरवायचे ते माप. येथे नोकरदार वाचकाच्या परिचयाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर अवलंबून असतो, त्यात धान्याला किती भार आणि घरभाड्याला किती, यावरून किती वाद होतात! भार बदलले की तीच महागाई निराळी दिसते. इन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचेही असेच आहे. युरोपीय पद्धतीत पन्नास टक्के भारावरील कार्यक्षमतेला एकूण मापात ४८ टक्के वजन दिले जाते आणि अगदी मंद उन्हातल्या कामगिरीलाही स्थान असते. कारण तिथले आकाश बराच काळ ढगाळ असते. कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत ७५ टक्के भारावरील कामगिरीला ५३ टक्के वजन आहे. कारण तिथे ऊन मुबलक. एकच पेटी एका मापाने पहिली येईल आणि दुसऱ्या मापाने तिसरी. माप जसे असेल, तशी रचना कारखानदार करतो.

मग चार महिने मेघांनी झाकलेले कोकण आणि आठ महिने तापणारा विदर्भ यांना कोणते माप लावायचे? जाहिरातीत छापला जातो तो बहुधा सर्वोच्च कार्यक्षमतेचा आकडा. विशिष्ट दाबावर, विशिष्ट भारावर, सुखद तापमानात काही काळ साधलेला हा आकडा म्हणजे परीक्षेतल्या एकाच पेपरचे गुण दाखवून विद्यार्थ्याने पहिला वर्ग मागण्यासारखे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने वीजजाळ्याला जोडलेल्या सौर इन्व्हर्टरांनाही तारांकनाच्या कक्षेत आणले, हे योग्यच झाले. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रे यांच्या तारांकनाने ग्राहकाला पाहण्याची सवय लावली आहे. पण ताऱ्यांचे मोल त्यामागच्या मापावर ठरते. त्या मापात भारतीय ऊन, भारतीय ढग आणि भारतीय गच्चीचे तापमान उतरले पाहिजे. आणि टिकाऊपणाचाही त्यात विचार व्हायला हवा.

ज्ञान कोणाचे, बाजार कोणाचा?

आणखी एक बाजू विचारात घेण्याजोगी आहे. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातील सौरघट देशात तयार झालेले असावेत, अशी अट सूर्यघर योजनेत आहे. या अटीने देशातल्या कारखानदारीला आधार मिळाला. परंतु स्वावलंबन केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपुरते ठेवून चालणार नाही. पेटीच्या आतले खटके, त्यांना सेकंदाच्या कोटीव्या हिश्श्याचा ताल सांगणारे नियंत्रण आणि त्यामागची रचना, हीच या धंद्यातली खरी मिळकत आहे. बाहेरचा पत्रा आणि जुळवणी आपली, आतली बुद्धी बाहेरची, असा व्यवहार फार काळ अभिमानाने मिरविता येणार नाही.

या विद्येच्या घडणीत दिवाण आणि बालिगा यांच्यासारख्या भारतात शिकलेल्या अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी जे केले ते अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत केले, यात त्यांचा दोष नाही; त्या काळी येथे तशा प्रयोगशाळाही नव्हत्या आणि गिऱ्हाईकही नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून सौर विजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक तयार करण्याच्या ओडिशातील कारखान्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली. जगातल्या मोठ्या सौर बाजारपेठांत भारताची गणना होते. गिऱ्हाईक आता घरातच आहे. उणीव आहे ती चांगली रचना करणाऱ्याला बाजारात चांगली किंमत मिळेल अशा मापाची; आणि ती रचना करू शकणाऱ्या, तशीच बिघडलेली पेटी उघडून दुरुस्त करू शकणाऱ्या मनुष्यबळाची. तालुक्याच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला पॅनेलचे स्क्रू आवळता येणे पुरेसे नाही. कपॅसिटर गेला की खटका, हे त्याला तपासता आले पाहिजे आणि त्यासाठी लागणारा सुटा भागही जिल्ह्याच्या गावी मिळाला पाहिजे. आज बहुतेक वेळा एका लहानशा भागासाठी सबंध पेटी टाकून दिली जाते. ज्या समाजात पातेल्याला कल्हई करून ते पुन्हा पिढीभर वापरले जात असे, त्याला ही उधळपट्टी शोभत नाही.

उपाय अवघड नाहीत. अनुदानाचा काही भाग इन्व्हर्टरच्या दीर्घ हमीशी जोडावा. दहा वर्षांची हमी देणाऱ्या पेटीला पूर्ण रक्कम, पाच वर्षांच्या पेटीला कमी. दुसरे असे की, मंद ऊन, मध्यम ऊन आणि भर दुपार या तीन अवस्थांतील आणि गच्चीवरच्या तापमानातील कार्यक्षमता पेटीवरच, ग्राहकाला कळेल अशा भाषेत छापणे बंधनकारक करावे. तिसरे, अनुदान घेऊन बसविलेल्या यंत्रणांपैकी काहींची नमुन्यादाखल निवड करून दरवर्षी त्यांनी किती युनिटे दिली आणि किती पेट्या बदलाव्या लागल्या, याची नोंद कंपनीनिहाय प्रसिद्ध करावी. लोकांच्या पैशाने बसलेल्या यंत्रणांची कामगिरी जाणण्याचा लोकांना अधिकार आहे. यापैकी एकाही उपायाला मोठा निधी लागत नाही. मोजण्याची इच्छा तेवढी लागते.

छपरावर ऊन फुकट पडते, म्हणून त्याचा हिशेब ठेवण्याची गरज नाही, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. पण उन्हापासून पंख्यापर्यंतची वाट फुकट नाही. ती पॅनेलातून, तारेतून आणि त्या राखाडी पेटीतून जाते, आणि तिच्यावर जनतेच्या कराचे व कुटुंबाच्या बचतीचे पैसे लागलेले असतात. एक कोटी छपरांवर पॅनेल बसली, हा आकडा वर्तमानपत्रात छापण्यास चांगला आहे. त्यांपैकी किती छपरे दहा वर्षांनीही वीज देत होती, या आकड्यावर योजनेचे यश ठरेल. आणि तो आकडा पॅनेलच्या चमकीवर नव्हे, तर पेटीत साचणाऱ्या उष्णतेवर अवलंबून राहणार आहे.